आईच्या लग्नाला

विधवांनी पुन्हा लग्न करावं असं पत्रक मी लिहिलं, तेव्हा विधवा अशी एकच बाई मला जवळून माहीत होती. ती माझी आई. आणि तिला मी ते पत्रक दाखवलं नव्हतं.

का नव्हतं, तर सुचलंच नाही. आई अकोल्याला मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. मी अमरावतीला कॉलेजात. राजापेठेत आम्ही मैत्रिणींनी मिळून एक खोली घेतली होती, तिथे अभ्यास कमी आणि पत्रकं जास्त निघायची. हुंड्याविरुद्ध पत्रक, कुंडलीविरुद्ध पत्रक, सोवळ्याविरुद्ध पत्रक. आमचं एक मंडळ होतं, अध्यक्ष वकील होते. छापखान्यातून ओले कागद आले की बोटांना शाई लागायची, ती मी मुद्दाम धुवायची नाही. विधवा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे यायची कोपऱ्यात बसलेली, सोळा-सतरा वर्षांची, रडून डोळे सुजलेली मुलगी. माझी आई कोपऱ्यात बसत नव्हती. ती सकाळी डबा भरायची, पांढरं पातळ नेसायची, छत्री घ्यायची आणि शाळेत जाऊन पन्नास पोरींवर ओरडायची. ती विधवा कुठली? ती आई होती.

कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत आम्ही ते पत्रक वाटलं. वर्धेच्या काठी चार-पाच शेतकरणी भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. त्यातली एक, कपाळभर कुंकू, म्हणाली, "काय लिवलं हाये त्याच्यात? वाचून दाखव नं."

मी उभी राहून वाचून दाखवलं. माझा आवाज चांगला होता. 'वैधव्याच्या अंधारकोठडीतून' या शब्दांवर माझा गळा नेमका भरून यायचा, तसा तो आलाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"अवो पोरी," कुंकूवाली म्हणाली, "आमच्यात तं पाटच लागते. बाईचा नवरा गेला तं दुसरा करते. माहाच पाट लागला. थो पाय माहा नवरा." वाळूतून गाठोडं घेऊन येणाऱ्या माणसाकडे तिनं बोट केलं. "पयल्यापक्षा बरा हाये. जरा बहिरा हाये, पन बरा हाये."

"तुमच्या बामनाईत सांगा हे जाऊन," दुसरी म्हणाली. "आमाले कायले सांगता?"

कुणब्यांच्या बायकांना पुनर्विवाह शिकवायला आमचं शहाणं मंडळ बैलगाडीत बसून गेलं होतं! पण मी गप्प बसणारी नव्हते. खोदखोदून विचारलं तेव्हा कळलं की हा पाट रात्री लागतो. वाजंत्री नाही, मांडव नाही. आणि नवरा जिवंत असलेल्या बाईनं, म्हणजे सवाष्णीनं, पाट लागलेल्या बाईचं तोंड दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत पाहायचं नाही.

"का?"

"काहून म्हंजे? अपशकुन. पायनारीचं कुंकू जाते."

मी पेटले. एका जातीत लग्नच करू देत नाहीत, दुसरीत करू देतात ते चोरासारखं! त्याच आठवड्यात मी दुसरं पत्रक लिहिलं: पाट दिवसा लावा. त्यात 'सूर्य' हा शब्द फार वेळा आला होता.

दिवाळीच्या सुटीचे दिवस उरले होते, मी अकोल्याला गेले. दोन्ही पत्रकं पिशवीतच होती. आईनं पिशवी झटकायला काढली आणि ती बाहेर पडली. आई चष्मा लावून वाचायला बसली, मांडीवर तांदळाचं सूप. वाचताना तिचा हात आपोआप खडे वेचत होता. दोन्ही वाचून झाली. मग म्हणाली,

"चांगलं लिहून राहिलीस. यात वयाची अट आहे का गं?"

"कसली अट?"

"म्हणजे कोणत्या वयापर्यंतच्या बाईनं करावं?"

मी हसले. ती हसली नाही. तिनं वेचलेले खडे पुन्हा तांदळात टाकले, आणि मला एकदम कळलं की ती स्वतःबद्दल विचारते आहे. पन्नास पोरींच्या चुका पकडणारी बाई स्वतः अशी चूक करत नाही, हे मला ठाऊक होतं.

अकोल्याला बदली होण्याआधी आई मूर्तिजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात शिकवायची. बाबा गेल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी. तिथला एक शेतकरी, काळ्या जमिनीचा बऱ्यापैकी तुकडा असलेला, बायको तापानं गेलेली, एक मुलगी. ती मुलगी आईच्या शाळेत. मी त्यांना चांगली ओळखत होते. आम्ही अकोल्याला आलो तरी कापूस विकायला आले की ते आमच्याकडे यायचे. हुरडा आणायचे, तुरीच्या शेंगा आणायचे, अंबाडीची जुडी आणायचे. आत कधी आले नाहीत. ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, आईशी थोडं बोलायचे, जायचे. माझ्या लेखी ते शेंगा आणणारे काका होते. आईनं आता त्यांचंच नाव घेतलं. माणसाकडे आपण किती कमी पाहतो!

"त्यांच्यात काय आहे?" मी विचारलं. मला तो प्रश्न चळवळीचा वाटला होता. आता वाटतं, तो पोरीचा होता.

आईनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "ते मला विचारतात."

"काय विचारतात?"

"काहीही. बाई, औंदा कपाशी लावू का ज्वारी? बाई, पोरीला हे स्थळ कसं वाटतं? बाई, पाऊस येईल का? मला काय कळतं गं पावसातलं. पण विचारतात, आणि मी सांगेपर्यंत थांबतात. तुझे बाबा चांगले होते. पण ते विचारायचे नाहीत, सांगायचे. ते गेल्यावर सगळेच सांगायला लागले."

प्रेमावर मी तोपर्यंत बरंच बोलले होते, दोन सभांत तर टेबलावर हात आपटून. पण ते ओट्यावर बसून उत्तराची वाट पाहतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आईला मिठी मारली, आणि खरं सांगायचं तर त्याच मिठीत मंडळाची पुढची सभा ठरवून टाकली.

अमरावतीला अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठलेच. "पुनर्विवाह आणि आंतरजातीय! एका दगडात दोन पक्षी! राजापेठेत मांडव घालू. लाउडस्पीकर लावू. नवऱ्या मुलाला भाषण येतं का?"

"ते पन्नाशीला आलेत," मी म्हटलं.

"मग मी करीन भाषण," अध्यक्ष म्हणाले.

पत्रकाचा मसुदा मीच केला. 'अकोल्याच्या एका धैर्यशील शिक्षिकेनं' अशी सुरुवात होती. तो घेऊन मी पुढच्या रविवारी घरी गेले. त्या दिवशी तेही आले होते, ओट्यावर, नेहमीच्या जागी, उपरणं मांडीवर घेऊन. मी दोघांपुढे मसुदा वाचला. ते जमिनीकडे पाहत राहिले. आई आत गेली. तिच्यामागे मी गेले.

"हे होणार नाही," आई म्हणाली.

"काय होणार नाही?"

"मांडव नाही, भाषण नाही. तसं असेल तर लग्नच नको. मी त्यांना आत्ताच सांगते."

मी भांडले. जोरात भांडले, ओट्यावर ऐकू जाईल इतकं. म्हटलं, यात लाजण्यासारखं काय आहे? लपून करणार? मग त्या रात्रीच्या पाटात आणि तुझ्यात फरक काय? तुझ्याकडे पाहून आणखी दहा जणींना धीर येईल, त्यांचा विचार करणार की नाही?

"पोरी," आई म्हणाली, "बाबा गेले त्या दिवसापासून मी उदाहरण आहे. बघा, कशी धीरानं राहते. बघा, कशी पांढऱ्यात राहते, मान वर करत नाही. शेजारच्या बाया आपल्या सुनांना मला दाखवत. आता तू मला उचलून दुसऱ्या बाजूनं दाखवणार. मला उदाहरण व्हायचं नाही गं. मला बायको व्हायचंय."

माझ्याकडे उत्तरं नेहमी तयार असायची, छापलेली. मी म्हणत आले होते की बाईला स्वातंत्र्य द्या. ते देताना ती गर्दीसमोर उभी राहून घेईल, हे मात्र आम्हीच ठरवून टाकलं होतं. आम्ही हार घालणारे, ते बांगड्या फोडणारे. दोघांनाही बाई मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी उभी लागते! हे मी आजही रागानंच लिहिते आहे. माझा राग गेलेला नाही, त्याला आणखी एक घर मिळालं इतकंच.

बाहेरून आवाज आला. "बाई, मी जाऊ का थांबू?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मसुदा घडी घालून चुलीत टाकला. आई बाहेर गेली आणि म्हणाली, "थांबा. चहा ठेवलाय." ठेवला नव्हता. मी ठेवला.

मंडळात गेले आणि सांगितलं, सभा होणार नाही. अध्यक्ष म्हणाले, घरचं लग्न आलं की सगळ्यांचे पाय लटपटतात. मी म्हटलं, तुमच्या घरी तीन मुली आहेत, मांडव तिथे घाला. त्यानंतर महिनाभर मंडळात मला कुणी चहा विचारला नाही.

नोंदणीचं लग्न ठरलं. त्याची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते. बाबांचे धाकटे भाऊ, माझे सख्खे काका, अकोल्यातच वकील होते, त्यांचं रोजचं जाणंयेणं तिथे. त्यांनी ती वाचली आणि तडक घरी आले. टोपीसुद्धा काढली नाही.

"वहिनी, हे काय ऐकतोय? या वयात? आणि तेही जातीबाहेर? दादाचं नाव आहे या घराला."

आई वह्या तपासत होती. लाल पेन्सिल तशीच हातात धरून म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडे दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला कधी बोलावलंत?"

काकांनी आता टोपी काढली.

"रीत आहे ना ती. मी कधी रागावले नाही. आता माझ्या घरचं लग्न आहे, तुम्हाला बोलवायची रीत माझ्याकडे नाही. तुम्हीही रागावू नका."

काका गेल्यावर ती पुन्हा वह्या तपासायला लागली. एका पोरीचं बरोबर आलेलं गणित तिनं चूक दिलं, मग खोडून बरोबर केलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आई आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर घोटाळत होते. पातळ तिनं एकटीनं जाऊन आणलं होतं, मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी खादी म्हटलं असतं हे तिला माहीत असणार. दार उघडलं तेव्हा ती वांगी रंगात होती. गर्द वांगी, पोपटी काठ. मी जन्मल्यापासून नाही, पण मला आठवतंय तेव्हापासून आई पांढरी होती. रंगात माझ्या आईची मान लांब दिसत होती. तिला रंग होता स्वतःचा, गव्हाळ, तो मला माहीत नव्हता.

"जास्त भडक झालं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

कचेरीत तिच्या शाळेतल्या एक बाई, नवरदेवांचा एक भाचा आणि मी, अशा तिघांच्या सह्या साक्षीदार म्हणून झाल्या. साहेबांनी पंखा लावला नव्हता, ते एकदा घाम पुसायला थांबले, त्या वेळात नवरदेवांनी आईला हळूच विचारलं, "बाई, तहान लागली का?" झालं लग्न. मग मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी, पुढे अरुंद रुळांची छोटी गाडी, आणि शेवटी शेतांमधल्या पांदणीनं बैलगाडी. गावात पोचलो तेव्हा उन्हं अजून होती.

आणि गाव बंद होतं.

सगळ्या गल्लीत एक दार उघडं नाही. पुरुष पारावर बसलेले होते, ते उठले आणि त्यांनी रामराम केला. बाई एक नाही. माझ्या तेव्हा ध्यानात आलं. लग्न कचेरीत झालं होतं, दिवसाढवळ्या झालं होतं, पण गावाच्या हिशेबी तो पाटच. सवाष्णी घरात बसल्या होत्या. उद्या सूर्य उगवल्यावर निघणार होत्या. ज्या गावातल्या पोरींना आईनं बाराखडी शिकवली ते हे गाव! आई गाडीतून उतरली आणि त्या बंद दारांकडे पाहत उभी राहिली. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि तो पुढे ओढायला लागली.

"ओढू नकोस," मी म्हटलं. माझ्या तोंडात भाषण तयार झालं होतं. गल्लीच्या मधोमध उभी राहून मी ते करणार होते, देवाशपथ.

त्यांच्या घरातून फक्त त्यांची आई आली. म्हातारी, वाकलेली, स्वतः नवरा गेलेली, म्हणून तिला पाहायला मनाई नव्हती. तिनं आईच्या पायांवर पाणी घातलं. म्हणाली, "ये माय. आजच्या दिवस आपन दोघीच. धकवून घेऊ."

तेवढ्यात त्याच घराच्या दाराआडून तरण्या बाईचा आवाज आला. "आजी! बाईनं लुगडं कोन्त्या रंगाचं नेसलं हाये?"

ती त्यांची मुलगी, आईच्या शाळेतली. बाळंतपणाला माहेरी आली होती.

"तुले काय कराचं हाये? गप बस अंदर!" म्हातारी ओरडली.

"सांग नं वं! पांढरंच हाये का?"

"रंगीत हाये! झालं?"

"कोनता रंग?"

म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं. "काळं दिसून राहिलं मले."

"काळं?" आतून किंकाळीच आली. "लग्नात काळं? अवो आजी, तुले दिसत नाई!" आणि दार उघडलं. पोट पुढे आलेली ती पोरगी उंबऱ्यात उभी राहिली, आईकडे डोळे फाडून पाहत.

"अवो माय," ती म्हणाली. "वांगी हाये. पोपटी काठ हाये."

"अंदर जाय! पोटुशी हायेस!" म्हातारी काठी शोधायला लागली.

"आता पायलं, आता काय जाऊ!" ती उंबरा ओलांडून आली आणि आईचा पदर हातात घेऊन काठ उलटासुलटा करून पाहायला लागली. "बाई, कुठं घेतलं हो? अकोल्याले? तुमाले काय सुंदर दिसते!"

आई म्हणाली, "अगं, तू आत जा आधी. उगीच कशाला."

"काय होते पायल्यानं? मी तुमच्या समोर चार वर्सं बसलो, तवा कुठं काय झालं मले?"

समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. "काय वं, कोनता रंग?" "वांगी! पोपटी काठाचं!" शेजारचं दार. मग त्याच्या शेजारचं. एक जण डोळ्यांवर हात धरून, बोटांच्या फटीतून पाहत आली, म्हणजे पाहिल्यासारखं होऊ नये. बाकीच्या तिला हसल्या. थोड्या वेळानं आईभोवती इतक्या बायका झाल्या की मला ती दिसेनाशी झाली. कुणी कापडाचा पोत पाहत होती, कुणी भाव विचारत होती, एक म्हणत होती, मास्तरीणबाईच्या कपाळाले कुंकू बारीक झालं, मोठं लावा. आणि तिनं स्वतःच्या करंड्यातून ते लावलंही. सगळ्या सवाष्णी. ज्यांचं कुंकू जाणार होतं त्या.

माझं भाषण तोंडातच राहिलं. मी पत्रकांतून सांगत होते की रूढी मोडायला धैर्य लागतं. लागत असेल. त्या दिवशी मी पाहिलं ते बिचारं साधं कुतूहल होतं. पांढऱ्यातली बाई रंगात कशी दिसते, एवढंच पाहायचं होतं त्यांना. त्यासाठी त्या शेकडो वर्षांचा अपशकुन ओलांडून चपला न घालता बाहेर आल्या. माणसाच्या जातीबद्दल मला तेव्हापासून जरा बरं वाटतं.

मात्र सगळी दारं उघडली असं नाही. दोन-तीन दुसऱ्या दिवशीही बंद होती, आणि एक अजून बंद आहे म्हणतात.

नोकरी सोडायची नाही ही आईची अट होती. बदलीचा अर्ज दिला होता, ती होईपर्यंत आठवडाभर अकोला आणि रविवारी गाव. सोमवारी सकाळी आम्ही तिघं मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आलो. तिची गाडी अकोल्याकडे, माझी बडनेऱ्याकडे. ती पलीकडच्या फलाटावर, मी अलीकडच्या. वांगी पातळ नेसूनच ती शाळेत निघाली होती. मी म्हटलं होतं, आज नको, मुली हसतील. ती म्हणाली, हसू देत, हसल्या की गणित लवकर येतं.

मी बाकावर बसले. अकोल्याची ती दोन खोल्यांची जागा आता माझ्या एकटीच्या आईची राहिली नव्हती. सुटीत मी कुठे जाणार? कुणाच्या घरी? मंडळातल्या कोणत्याही पत्रकात या प्रश्नाला एक ओळ नव्हती. अशी लग्नं व्हावीत म्हणून मीच पत्रकं लिहिली होती, आणि आता काकांपेक्षा मला जास्त लागत होतं.

पूल उतरून ते माझ्याकडे आले. उपरणं खांद्यावर, हातात शेंगांची पिशवी. माझ्या शेजारी, जरा अंतर सोडून, उभे राहिले.

"तुम्ही आईकडे थांबा ना," मी म्हटलं. "तिची गाडी आधी आहे."

"तिनंच धाडलं. म्हने पोरीपाशी थांबा, ते रडत असन."

"मी रडत नाहीये."

"बरं," ते म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. "मीबी नाई."